वाट, पट आणि कथा : प्रवासकेंद्री सहकथन-खेळांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

टेबलाभोवती चारपाच माणसे बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका स्वीकारतो आणि बोलण्यातूनच सर्वांची मिळून एक कथा आकारास येते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि या खेळप्रकारास निश्चित रूप मिळाले. त्या परंपरेत प्रवास होता. परंतु पुष्कळदा तो पुढील भुयारापर्यंत, पुढील लढाईपर्यंत पोचण्याचे साधन म्हणूनच येत असे. अलीकडच्या काही खेळांनी मात्र प्रवासालाच कथेचा विषय केले आहे. अशा तीन खेळांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या खेळांपुढील मूलभूत प्रश्न साहित्यविचाराचाही आहे. कथेचा कर्ता एक नसेल, तर तिला एकसंधता कोठून येते? कादंबरीत हे काम लेखकाची जाणीव करते. सहकथनात ते नियमांना करावे लागते. म्हणून येथे समीक्षेची संहिता म्हणजे एखाद्या संध्याकाळी सांगितली गेलेली व विरून गेलेली कथा नव्हे, तर ती कथा शक्य करणारी नियमरचना होय. प्रवासकथेत वाटेची किंमत प्रवाशाला कशी मोजावी लागते, हे या रचनेतून पाहता येते.

‘र्‍युतामा’ : श्रमांची नोंद

अत्सुहिरो ओकादा यांचा ‘र्‍युतामा’ हा खेळ जपानमध्ये २००७ साली प्रकाशित झाला. यातील पात्रे शूर योद्धे नसून शेतकरी, व्यापारी, कारागीर, वैद्य, शिकारी अशी साधी माणसे आहेत. प्रवासाच्या प्रत्येक दिवशी फासे टाकून चार गोष्टी ठरतात : प्रकृती कशी आहे, चाल निभावली का, दिशा चुकली का आणि रात्रीचा मुक्काम नीट पडला का. भूप्रदेश जितका अवघड आणि हवामान जितके प्रतिकूल, तितके यश दुर्मीळ. पाऊस, चिखल, शिधा आणि ओझे या गोष्टी येथे वर्णनापुरत्या राहत नाहीत; त्या कथेच्या कारणपरंपरेत शिरतात.

या खेळाची खरी कल्पकता सूत्रधाराच्या योजनेत आहे. खेळ चालविणारी व्यक्ती स्वतःही एक पात्र असते : प्रवाशांच्या मागे राहून त्यांची हकिगत टिपणारा एक नाग-मानव. ही प्रवासवर्णने तो ऋतूच्या नागाला भरवतो आणि त्यावर तो नाग वाढतो. सामान्यांची पायपीट हेच जगाचे अन्न, असा आशय येथे उपदेशाविना नियमांत उतरला आहे. उणीव अशी की दररोजची फाशांची तपासणी यांत्रिक होऊ शकते. अपयशाचा आकडा मिळतो. त्या अपयशाचा अर्थ मात्र खेळाडूंनी स्वतः शोधला नाही, तर प्रवासाची हिशेबवही तेवढी उरते.

‘वॉन्डरहोम’ : कष्टाविना वाट

जे ड्रॅगन यांचा ‘वॉन्डरहोम’ (२०२१) याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. येथे फासे नाहीत, सूत्रधारही ऐच्छिक आहे. मानवी वृत्तीचे प्राणी ऋतूंमागून ऋतू एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहतात. स्वतः अडचण सोसून कोणाला मदत केली, प्रिय वस्तू देऊन टाकली किंवा क्षणभर थांबून भोवतालच्या विशालतेचे वर्णन केले, की खेळाडूस सोंगटी मिळते. एखाद्याचे दुःख क्षणभर हलके करावयाचे, तर ती खर्च करावी लागते. सद्भावनेलाही आधी काही साठवावे लागते, ही जाण मोलाची आहे.

या जगात युद्ध होऊन गेले आहे. माजी सैनिकाच्या पात्राजवळ तलवार असते. ती उपसली तर समोरची व्यक्ती मरते. पण त्याच क्षणी ते पात्रही खेळातून कायमचे बाहेर पडते. ज्याचा वापर टाळण्यातच ज्याचे सारे सामर्थ्य आहे, असा हा नियम या खेळातील सर्वांत प्रभावी वाक्य म्हणावा लागेल. हिंसा वर्ज्य केलेली नाही, तिची किंमत सांगितली आहे.

तथापि हीच कठोरता वाटेच्या बाबतीत आढळत नाही. गावे तपशिलाने घडविली जातात, परंतु दोन गावांमधील अंतराचे मोल मोजणारा नियम नाही. परिणामी समंजस खेळाडूंच्या हाती ही शोकानंतरच्या सावरण्याची कथा होते, तर इतरांच्या हाती सुखद स्थलदर्शन. ज्यांना घर सोडणे भाग पडले त्यांची भटकंती आणि हौशीची भटकंती यांतील भेद खेळाडूंच्या विवेकावर सोपविला गेला आहे.

‘फॉल ऑफ मॅजिक’ : गुंडाळली जाणारी वाट

रॉस काउमन यांच्या ‘फॉल ऑफ मॅजिक’मध्ये (२०१५) नियम अत्यल्प आहेत. जादू मरते आहे आणि तिच्याबरोबर मायावी गुरूही. त्याला सोबत करीत सर्वांनी रेव्हनहॉलहून अंब्रा या जादूच्या जन्मस्थानी जावयाचे आहे. नकाशा म्हणजे कापडाचा एक लांब पट; तो दोन्ही टोकांना गुंडाळलेला असतो. पुढचा प्रदेश उलगडतो तसा मागचा दृष्टीआड होतो. प्रत्येक ठिकाणी दोनचार शब्दांची सूचना असते. ज्याची पाळी असेल त्याने ती आधाराला घेऊन प्रसंग सांगावयाचा.

येथे मोक्षपटाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला तो खेळही पटावरील प्रवासच आहे. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि अखेरीस मोक्ष. परंतु मोक्षपटावर घराचा अर्थ आधीच ठरलेला असतो. दान पडेल तेथे जावे आणि तो स्वीकारावा. काउमन यांच्या पटावर शेवट ठरलेला असला, तरी मधल्या घरांचा अर्थ अपुरा सोडलेला आहे. एक पट निष्कर्ष शिकवितो, दुसरा साक्ष मागतो.

शेवट ठाऊक असल्याने खेळाडूंना कथानकाची ओढाताण करावी लागत नाही. मरणाकडे निघालेल्याला सोबत करताना आपण काय बोलतो, एवढाच प्रश्न उरतो. येथे शिध्याचा हिशेब नाही, तरी वाट स्वस्त होत नाही. मागे पडलेले गाव हातांनी गुंडाळले जाताना सर्वांना दिसते. किंमत आकड्यात नव्हे, कापडात आहे.

समारोप

‘र्‍युतामा’ वाटेची किंमत शरीराकडून वसूल करतो, ‘फॉल ऑफ मॅजिक’ ती काळाकडून, तर ‘वॉन्डरहोम’ मुख्यतः स्मृतीकडून. सहकथनाची एकसंधता या वसुलीतून येते. जेथे ती शिथिल आहे, तेथे कथा गोड असूनही सैल होते. या निकषावर ‘फॉल ऑफ मॅजिक’ सर्वांत समाधानकारक ठरतो.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. सर्वांनी मिळून सांगावयाच्या कथेत मोठ्या आवाजाचा माणूस ती बळकावू शकतो. पाळीचा साधा नियम अबोल माणसालाही बोलण्याची जागा देतो आणि इतरांना ऐकावयास लावतो. कथनावरील अधिकाराची ही वाटणी कादंबरीच्या अध्यापनात चर्चिली जाते. येथे ती प्रत्यक्ष करावी लागते. ‘खेळ’ या शब्दामुळे या रचना साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवल्या, तर सामूहिक कथनाचा एक सजग प्रयोग अभ्यासकांच्या नजरेतून निसटेल.