कोड यंत्र देईल, पण कागदावर लिहिलंय काय?

सुट्टीत पिशोरला घरी गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "तुझी ती पीएचडी नेमकी कशात आहे गं?" मी सांगते, "दवाखान्यातल्या कागदांना नंबर द्यायचं काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं, त्यात." मग पुढचा प्रश्न येतो, "बरं, पण त्यानं होतं काय?"

प्रश्न साधा आहे, पण आमच्या विषयातल्या बऱ्याच शोधनिबंधांकडे त्याचं सरळ उत्तर नसतं. म्हणून आज नवीन काही शिकवण्याऐवजी मी माझ्याच विषयावर जरा टीका करणार आहे. तुम्ही डॉक्टर किंवा प्रोग्रामर नसाल तरी चालेल. घरात कधी डिस्चार्ज कार्ड आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी, नंबर म्हणजे काय?

रुग्ण घरी गेला की त्याचे कागद रेकॉर्ड रूममध्ये जातात. तिथे कुणीतरी ते वाचून प्रत्येक आजाराला एक कोड द्यायचा असतो. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी नावाच्या यादीतून येतात. यादीची मुळं १८९३ पर्यंत मागे जातात. तेव्हा ती फक्त मृत्यूच्या कारणांची यादी होती. आपल्याकडे आज जी जास्त वापरात आहे ती दहावी आवृत्ती. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण ती सगळीकडे पोहोचायला वेळ लागेल.

एक उदाहरण घेऊ, कारण पुढचा सगळा लेख त्याच्याच भोवती आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाची बाधा झाली, तर कोड टी ६०.०. पण हे अर्धंच झालं. ती बाधा कशी झाली, याचा दुसरा कोड असतो. अपघाताने झाली तर एक्स ४८. स्वतःहून घेतलं असेल तर एक्स ६८. आणि नक्की ठरवताच येत नसेल तर वाय १८. शरीरात गेलेलं विष एकच, उपचारही तेच, पण दुसरा कोड बदलला की गोष्टच बदलते.

दादाचं कार्ड

काही वर्षांपूर्वी कपाशीवर फवारणी करताना माझा चुलतभाऊ शेतातच कोसळला. पंप गळत होता, पाठ ओली झाली होती, वारा उलटा होता. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं, अ‍ॅट्रोपिन दिलं, दादा वाचला. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

घरी आल्यावर मी कार्ड वाचलं. निदान बरोबर होतं. पण वरच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की रुग्णाने कीटकनाशक प्राशन केल्याचं सांगण्यात येतं. काका कार्ड घेऊन परत गेले. "साहेब, त्यानं पिलं नव्हतं, अंगावर सांडलं व्हतं," असं त्यांनी तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर सांगितलं. ओळ काही बदलली नाही. विषबाधेचा रुग्ण म्हणजे मेडिको-लीगल केस, तिची खबर पोलिसांना जातेच. त्यांचा जबाब घरी घेतला गेला, गावात कुजबुज झाली. दादाचं लग्न ठरायचं होतं. पुढचं सांगत नाही.

ती ओळ आली कुठून? मला वाटतं, भाषेतून आली. आपण कीटकनाशकाला "औषध"च म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषध लागलं आणि औषध पिलं. रात्री दोनला घाबरलेला माणूस कॅज्युअल्टीत सांगतो, "डॉक्टर, औषधानं झालंय याला." समोरचा शिकाऊ डॉक्टर छत्तीस तास जागा असतो. तो ते इंग्रजीत लिहून घेतो, आणि हाताला सवय असते ती एका ठरलेल्या वाक्याची. त्या एका भाषांतरात "लागलं" चं "प्यायला" होऊन जातं.

आता आमचं संशोधन काय करतं ते बघा

कागद वाचून कोड सुचवणारी यंत्रप्रणाली तयार करणं, हा आमचा उद्योग. त्यासाठी शिकवायला हजारो कागद लागतात. जगभरातले बहुतेक संशोधक त्यासाठी मिमिक-३ नावाचा एक माहितीसंच वापरतात. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात आहेत, २००१ ते २०१२ या काळातल्या. नावं काढून टाकलेल्या, अभ्यासासाठी खुल्या. हे काम फार मोठं आहे, त्याच्याशिवाय माझी पीएचडी सुरूच झाली नसती.

पण बोस्टनच्या आयसीयूत कपाशीवर फवारणी करून आलेले रुग्ण असून असून किती असणार?

ही फक्त माझी तक्रार नाही. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी या क्षेत्रातल्या गाजलेल्या प्रणाली पुन्हा तपासल्या. शिकवण्यासाठी आणि परीक्षेसाठी कागदांची जी वाटणी केली जात होती, तीच नीट नव्हती. कितीतरी कोड परीक्षेच्या कागदांत आलेच नव्हते, आणि अशा कोडला शून्य गुण धरून सरासरी काढली जात होती. मोजणी दुरुस्त केल्यावर एक महत्त्वाचा आकडा दुप्पट झाला. म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांशी जी शर्यत लावत होतो, तिची फूटपट्टीच वाकडी होती. दुसरा निष्कर्ष माझ्या दृष्टीने जास्त मोठा आहे: क्वचित येणाऱ्या कोडवर सगळ्याच प्रणाली अडखळतात.

हे समजायला एक सोपा हिशोब. गुण मोजायच्या दोन रीती आहेत. पहिलीत सगळे कोड एका पोत्यात टाकून किती बरोबर आले ते बघायचं. दुसरीत प्रत्येक कोडला समान मत द्यायचं. बीपी आणि शुगर रोज येतात, त्यामुळे ते नीट ओळखले की पहिल्या रीतीत गुण छान दिसतात. दुसऱ्या रीतीत फवारणीची विषबाधाही बीपीच्या बरोबरीने मोजली जाते, आणि तिथे गुण धाडकन खाली येतात. शोधनिबंधात ठळक अक्षरात बहुतेक वेळा पहिला आकडा असतो.

"मग आता ते मोठे भाषिक मॉडेल आलेत ना?" असं तुम्ही म्हणाल. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या गटाने तेही तपासलं. आजाराचं वर्णन देऊन कोड विचारला, तेव्हा सगळ्यात चांगल्या ठरलेल्या जीपीटी-४ ने आयसीडी-१० च्या अमेरिकन आवृत्तीत अचूक कोड दिला ३३.९ टक्के वेळा. इथे मॉडेलची बाजूही घेते. कोडची यादी हाताशी न देता ही स्मरणशक्तीची परीक्षा झाली, आणि माणूस तरी कुठे यादी न उघडता कोड देतो? यादी जोडून दिली की काम सुधारू शकतं. पण "एआय आलं, आता कोडिंगचा प्रश्न संपला" असं कुणी विकायला आलं, तर हा आकडा लक्षात असू द्या.

माझा खरा आक्षेप

हे सगळे दोष दुरुस्त होतील. चांगली वाटणी, चांगली मोजणी, मोठं मॉडेल, सगळं होईल. माझा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे.

दादाचं कार्ड यंत्राला द्या. "प्राशन केल्याचं सांगण्यात येतं" हे वाचून ते टी ६०.० देईल आणि जोडीला बहुधा एक्स ६८. आता उत्तरपत्रिका तपासायची. उत्तर म्हणून आपण काय धरतो? रेकॉर्ड रूममधल्या माणसाने दिलेला कोड. त्यानेही तेच कार्ड वाचलेलं असतं, म्हणून त्यानेही एक्स ६८च दिलेला असण्याची शक्यता जास्त. यंत्राला पैकीच्या पैकी गुण, आणि दादाच्या नावावर त्याने न केलेली गोष्ट.

आमच्या क्षेत्रात "बरोबर" म्हणजे माणसाने दिलेल्या कोडशी जुळणारं. शेतात काय घडलं त्याच्याशी जुळणारं, असा त्याचा अर्थ होत नाही. हे अंतर मोजणारा रकाना आमच्या तक्त्यांत नाही. आणि कागद चुकीचा असेल, तर यंत्र जितकं हुशार तितकी चूक जास्त वेगाने आणि जास्त ठिकाणी जाईल.

गंमत बघा, अमेरिकेतल्या कोडिंगच्या नियमांत हेतू लिहिलेलाच नसेल, तर विषबाधा अपघाती धरायची असते. आपल्या वॉर्डातली सवय बरोबर उलटी. तिकडच्या कागदांवर शिकलेलं यंत्र इकडे आणलं, तर ते नेमकं काय गृहीत धरेल, हे कुणी तपासलेलं मला अजून दिसलेलं नाही.

यानं होतं काय?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावं लागलं. अशा वेळी तालुक्या-तालुक्यातून एक्स ४८ चा आकडा आठवड्यागणिक चढताना दिसला असता, तर हातमोजे, मास्क, औषधाच्या दुकानांची तपासणी, सगळं लवकर सुरू करता आलं असतं. तेच रुग्ण एक्स ६८ मध्ये गेले, तर सरकारला समुपदेशक पाठवावेसे वाटतील. आणि खरंच ज्याला समुपदेशकाची गरज आहे, त्याची नोंद एक्स ४८ मध्ये गेली, तर तो एकटाच राहील. चूक दोन्हीकडून महाग पडते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशकं हाताळताना झालेल्या विषबाधेने मृत्यू आला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, आत्महत्येला ते मिळत नाहीत. हा निर्णय आयसीडीच्या कोडवर होत नाही, पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर होतो, हे खरं. पण दवाखान्याच्या कागदावरची पहिली ओळ त्या सगळ्यांच्या समोर असतेच.

मग आपल्याकडे कोडकडे कुणी लक्षच देत नाही का? देतात की. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्याचे कागद बघा. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. तिथे आरोग्यमित्र असतो, पूर्वपरवानगी असते, आणि पॅकेजचा कोड चुकला तर पैसे अडकतात. म्हणून तो काळजीने भरला जातो. फक्त, पॅकेजचा कोड सांगतो काय उपचार केले. काय झालं आणि कशामुळे झालं, हे सांगायचं काम आयसीडीचं. पहिल्या रकान्यामागे पैसा आहे, दुसऱ्यामागे कुणीच उभं नाही.

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे २००२ नंतर रुग्णालयांना मिळणारा पैसा कोडशी जोडला गेला. २०१२ मध्ये झालेल्या एका आढाव्यात मुख्य निदानाच्या कोडची अचूकता ७३.८ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. तेव्हा आजच्यासारखी एआय नव्हती. कोड महत्त्वाचा ठरला, तशी त्यामागची मेहनत वाढली.

मग करायचं काय?

मी यंत्राच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावरच आहे. मला फक्त क्रम बदलायचा आहे.

पहिलं, कार्डावर एक वेगळा रकाना: "कसं झालं". तो रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या शब्दांत, मराठीत लिहायचा. "फवारताना अंगावर सांडलं" एवढं पुरे आहे. भाषांतर नंतर सावकाश करता येतं.

दुसरं, कोड देणाऱ्याला डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची सोय हवी, तीही रुग्ण वॉर्डात असतानाच. काकांनी तीन खिडक्यांवर जे सांगितलं, ते ऐकून घेणारी एक खिडकी हवी. ती चौथी नसावी, पहिलीच असावी.

तिसरं, यंत्राने कोड सुचवावा आणि कोणत्या ओळीवरून सुचवला ते रंगवून दाखवावं. अशा प्रणाली २०१८ पासून आहेत. आणि ओळच अपुरी असेल, तर यंत्राने कोड देऊ नये, प्रश्न विचारावा. माझ्या प्रबंधाचं सध्याचं प्रकरण हेच आहे. "मला इथे हेतू कळत नाही" असं म्हणणाऱ्या यंत्राला आजच्या मोजणीत गुण कापले जातात. मला वाटतं, ते मिळायला हवेत.

चौथं, महिन्यातून एकदा थोडे कागद दोघांनी स्वतंत्रपणे कोड करून ताडून बघायचे. याला ना सॉफ्टवेअर लागतं, ना टेंडर.

यातलं पहिलं, दुसरं आणि चौथं काम उद्यापासून होऊ शकतं. तिसऱ्याला मला अजून दोन वर्षं लागतील.

तोवर तुम्ही एक करा. घरात कुणी दवाखान्यातून सुटून आलं की कार्ड फाइलमध्ये ठेवण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या कुणाकडून वाचून घ्या, शक्यतो दवाखान्याच्या आवारातच. आजाराचं नाव बघतोच आपण. त्याच्या वरची, "कसं झालं" सांगणारी ओळ बघा. चुकली असेल तर तिथेच सांगा. आम्ही घरी येऊन वाचली, आणि तोवर ती नोंद झाली होती.