एस्पोझितो : एका आडनावाचे ओझे

‘आपले आडनाव काय?’ हा प्रश्न आपण किती सहजपणे विचारतो! परंतु ज्याचे आडनावच त्याच्या जन्माची कहाणी चव्हाट्यावर मांडते, त्याने या प्रश्नाला कसे सामोरे जावे? एदुआर्दो दे फिलिप्पो या इटालियन नाटककाराचे ‘फिलुमेना मार्तुरानो’ (१९४६) हे नाटक वाचताना या विचाराने आम्हांस अस्वस्थ केले.

नाटक घडते नेपल्समध्ये. त्या शहरात सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे ‘एस्पोझितो’. साऱ्या इटलीतही ते अग्रभागी आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. तेथील ‘अनुन्त्सियाता’ या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक लाकडी चक्र होते. असहाय माता आपले तान्हे त्यात ठेवी, चक्र फिरे आणि बाळ आतल्या हातांत सुखरूप पोहोचे. लोक या बाळांना ‘मरियेची लेकरे’ म्हणत. नोंदवहीत मात्र ‘एस्पोझितो’ हा शब्द चढे. फ्लोरेन्सच्या अनाथालयाने ‘इन्नोचेंती’, म्हणजे ‘निष्पाप’, हे नाव दिले. मिलानच्या इस्पितळाने आपल्या बोधचिन्हावरील कबुतरावरून ‘कोलोंबो’. शब्द सौम्य झाले, पण खूण राहिलीच. पुढे १९व्या शतकाच्या प्रारंभी राजा जोआकिम म्यूराने ‘एस्पोझितो’ हे आडनाव देण्यास बंदी केली, १८७५ मध्ये चक्रही थांबले. आडनाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले.

या पार्श्वभूमीवर फिलुमेनाचा हट्ट समजून घ्यावा लागतो. दारिद्र्याने कुंटणखान्यात ढकललेली ही स्त्री पंचवीस वर्षे दोमेनिको सोरिआनोचे घर सांभाळते. मरणासन्न असल्याचे सोंग करून ती त्याच्याशी विवाह करते. तो विवाह कायद्याने रद्द होतो, तेव्हा ती सांगते : माझ्या तीन मुलांपैकी एक तुझा आहे. कोणता, हे ती अखेरपर्यंत सांगत नाही. एकाला निवडले की उरलेले दोघे पुन्हा ‘बाहेर’ पडतील, हे तिला ठाऊक आहे. शेवटी सोरिआनो तिघांनाही आपले मानतो आणि कधीही न रडलेली ती माता रडते. गल्लीतल्या देवमातेपुढे उभे राहून गर्भपात नाकारणाऱ्या या स्त्रीचे हे चित्रण आम्हांस कोणत्याही प्रवचनाहून प्रभावी वाटले.

तरीही एक उणीव बोचते. मुलांची प्रतिष्ठा अखेर पित्याच्या आडनावावरच अवलंबून ठेवली आहे. ‘मार्तुरानो’ हे मातेचे आडनाव पुरेसे का नसावे, हा प्रश्न नाटककार विचारीत नाही. आश्चर्य असे की तो स्वतः एदुआर्दो स्कार्पेत्ता या विख्यात नटाचा अनौरस पुत्र. त्याने आणि त्याच्या भावंडांनी आईचेच ‘दे फिलिप्पो’ हे आडनाव रंगभूमीवर सन्मानास चढविले. नाटककाराचे जीवन येथे त्याच्या नाटकाच्या पुढे गेले आहे. इटलीच्या कायद्याने औरस-अनौरस हा भेद पूर्णतः पुसला तो २०१२ मध्ये.

वाचकहो, अनुन्त्सियाताच्या दयेविषयी आम्हांस शंका नाही; तिने असंख्य जीव वाचविले. पण दया करणाऱ्या हातानेच कपाळी डागही दिला, हेही नाकारता येत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पित्याच्या कोऱ्या रकान्यापुढे आमची लेखणीही क्वचित थबकली आहे. त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या मातेकडे आपण कसे पाहतो, याची परीक्षा हे नाटक घेते. म्हणूनच ते आपल्या घरांत वाचले जावे, अशी आमची मनःपूर्वक शिफारस आहे.