कागद नसलेल्यांचे अद्भुत

मराठीत ऐतिहासिक कादंबरी उदंड आहे आणि भयकथेलाही वाचकांची वाण कधी पडली नाही. पण इतिहास, प्रेम आणि पिशाच या तिघांना एकत्र नांदवणारी कादंबरी शोधायला गेलो, तर हाती फारसे लागत नाही. सामग्रीची उणीव म्हणावी, तर पडके वाडे, ओस गढ्या आणि अकाली गेलेले प्रेमी जीव आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. मग घोडे अडते कुठे?

प्रारंभी चित्र वेगळे होते. हळब्यांची 'मुक्तामाला' (1861) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (1868) अद्भुताच्याच जोरावर उभ्या राहिल्या. आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे रोजच्या आयुष्यात रंजक असे काही उरत नाही, अशा अर्थाची तक्रार रिसबुडांनी प्रस्तावनेत केली आहे. ती आजही विचार करायला लावते. जिथे पाळण्यात लग्ने ठरत होती, तिथे प्रेमकथेला काल्पनिक राज्यांत आसरा शोधावा लागला. 1871 साली गुंजीकरांची 'मोचनगड' आली आणि कादंबरीने शिवकाळात पाऊल टाकले. तिथून अद्भुत हळूहळू मागे पडले.

हरिभाऊ आपट्यांच्या 'वज्राघाता'त त्याची धग अजून जाणवते. विजयनगरच्या विनाशामागे रामराजाची टाकून दिलेली प्रेयसी मेहेरजान आहे आणि बापाविरुद्ध उभा ठाकलेला मुलगा आहे. भूत नसले, तरी गाडलेले पाप पुढच्या पिढीच्या मानगुटीवर बसते, हा भुताटकीच्या कादंबरीचा कणा तिथे शाबूत आहे. पुढच्या लेखकांनी तो धागा सोडून दिला. ऐतिहासिक कादंबरी थोरांचे चरित्र सांगू लागली आणि बखरी, पत्रे, दफ्तरे यांच्या साक्षीने आपला खरेपणा सिद्ध करू लागली. इनामदारांच्या 'राऊ'मध्ये (1972) प्रेम कथेच्या केंद्रस्थानी आले, हे तिचे मोठेपण. पण बाजीरावाच्या पाठोपाठ 1740 मध्ये मस्तानी गेली कशी, हे कागद नीट सांगत नाहीत. पाबळला तिची कबर आहे. याच अंधारात एखादी भुताची कादंबरी जन्माला आली असती. आपल्याकडे मात्र कागद संपला की कादंबरीकार थबकतो आणि इतिहास 'बिघडवल्या'ची ओरड होईल म्हणून पुढे पाऊल टाकत नाही.

दरबारातून हाकललेले भूत कथेच्या वळचणीला गेले. नारायण धारपांनी त्याला शहराजवळच्या बंगल्यात आणले, रत्नाकर मतकरींनी चाळीत आणि मध्यमवर्गीय मनात. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त दैवी भय आहे, 'रात्र काळी घागर काळी'त वासना आणि शाप. पण काळ असा नेमका नाही. 2018 च्या 'तुंबाड'ने वाडा, हाव आणि पारतंत्र्याची अखेरची दशके एकत्र आणली. त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती, नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारे होते, पण चित्रपट झाला हिंदीत. शिवाय त्यात भय भरपूर असले, तरी प्रेम नव्हते.

इंग्रजीत या प्रकाराची सुरुवातच एका बनावट कागदाने झाली, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. होरेस वॉल्पोलने 1764 मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' काढली, ती जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून. पुढल्या आवृत्तीत ती आपलीच असल्याचे त्याने सांगून टाकले. कागदाशी खेळण्याची ही मोकळीक आपल्या कादंबरीने स्वतःला कधी दिली नाही.

म्हणूनच या प्रकाराचे मराठीतले भवितव्य मला कागदांत बांधलेल्या शनिवारवाड्यापेक्षा कागद नसलेल्यांच्या, वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत अधिक दिसते. मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर इथे आहे. रामनवमीला तांडेच्या तांडे लोटतात. महाराजांचा जन्म 1739 चा, म्हणजे मस्तानीच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचा. शतक एकच, पण एक इतिहास पेशवे दफ्तरात बांधलेला आणि दुसरा ढाडी-भाटांच्या गळ्यात. ऑक्टोबर 2024 मध्ये इथे नंगाऱ्याच्या आकाराचे चार मजली वस्तुसंग्रहालय उघडले. तेरा दालनांत वारसा मांडला गेला, हे चांगलेच झाले. पण दालनात वस्तू मावतात, भय आणि ओढ यांना कादंबरीच लागते.

बंजाऱ्यांच्या लदेणीचे, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या व्यवसायाचे, जगच घ्या. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 1632 मध्ये धान्य लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा भेटला होता. फौजा ज्यांच्या धान्यावर जगल्या, त्यांची नावे बखरीत क्वचितच सापडतात. इथे वाडा नाही, त्यामुळे भूत घराला चिकटून राहणार नाही. ते वाटेवरच्या विहिरीवर, सोडून आलेल्या मुक्कामावर, मागे राहिलेल्या माणसाच्या हाकेत असेल. नवरी निघताना ढावलो गाते. गाणे आणि रडणे त्यात वेगळे काढता येत नाही. फिरत्या तांड्याची मुलगी दुसऱ्या तांड्यात गेली, की माहेर कुठे शोधायचे? त्याला ठरलेले गावच नसते. प्रेम, विरह आणि झपाटलेपण यांची बेरीज या एका विधीत आधीच झालेली आहे. मृत प्रेयसीला पांढऱ्या साडीत उभी करण्यापेक्षा ही सामग्री कितीतरी ताजी आहे.

ती कादंबरीत आली नाही, याचेही कारण आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांवर जो शिक्का मारला, त्याला उत्तर देणे ही पहिली निकड होती. त्यामुळे आत्माराम राठोडांच्या 'तांडा'सारखी आत्मकथने आली, वीरा राठोडांची कविता आली. त्यांच्या 'सेन सायी वेस'ला 2015 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. हे लेखन मोलाचेच. पण वाचक आणि समीक्षक तांड्याकडून फक्त दुःखाची साक्ष मागत राहिले. दरबाराने बखर दाखवावी आणि तांड्याने जखम दाखवावी, या अपेक्षेत कल्पनेला दोन्हीकडे बंदी झाली.

ही बंदी उठवण्याचे काम समीक्षेचे आहे. पुरावा मागायचा तो इतिहासकाराकडे मागावा. कादंबरीकाराला विचारावे ते इतकेच, की त्याचे भूत कोणत्या अन्यायातून उठले आणि त्याचे प्रेम कोणत्या काळाने मोडले. या दोन प्रश्नांची उत्तरे गोरबोलीच्या, म्हणजे बंजारा बोलीच्या, वळणाने मराठीत देणारा लेखक तांड्यातूनच येईल, असे मला वाटते. तो आल्यावर आपण त्याच्याकडे संदर्भसूची मागू नये.