शोधगंगेत पाणी आहे, घाट नाहीत

तासगावच्या शाळेत बेदाण्याचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी विचारणारच, ‘वाळत घालण्याआधी द्राक्षे द्रावणात का बुडवतात?’ हे द्रावण म्हणजे पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’, अर्थात मुख्यतः इथाइल ओलिएट. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. द्रावणाने त्याची रचना बदलते, आतले पाणी लवकर बाहेर पडते आणि शेडमधल्या जाळीवर सुमारे पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. इतके सांगता येते. पण कोणत्या तापमानाला किती पाणी जाते, याचे मोजलेले आकडे हवे असतील तर संशोधन-प्रबंधांकडेच वळावे लागते.

पूर्वी त्यासाठी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जावे लागे. एक रजा त्यातच खर्ची पडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. हे प्रबंध इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवले जातात. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. शिवाजी विद्यापीठाचेही आहेत. वाचायला फी नाही. ही सोय लहान नव्हे.

तक्रार आहे ती शोधण्याबद्दल. प्रबंध मराठीत असला तरी त्याचे शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेले असते. आता ‘द्राक्ष’ रोमन लिपीत कसे लिहायचे? ‘ए’ एक की दोन? शेवटी आणखी एक लावायचा की नाही? ‘क्ष’साठी ‘केएसएच’ की ‘एक्स’? नोंद करणाऱ्याला सुचले तेच स्पेलिंग आपल्यालाही सुचले, तर प्रबंध हाती लागतो! कित्येक प्रबंधांची पाने नुसती स्कॅन केलेली असतात. त्यांतला मराठी शब्द यंत्राला शोधताच येत नाही. प्रकरणांच्या फायलींना ‘चॅप्टर १’, ‘चॅप्टर २’ अशी नावे. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत घालून दिले होते. येथे वेळ वाचतो तो फाइल चढवणाऱ्याचा.

नियतकालिकांची गोष्ट आणखी वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे तेरा हजार नियतकालिके आहेत, पण ती शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी. शाळा तीत नाहीत. प्रश्न विचारला जातो तो मात्र शाळेतच.

तूर्त शिक्षकांनी शोध इंग्रजी शब्दांनी घ्यावा: ‘ग्रेप’, ‘रेझिन’, ‘सांगली’. नाही जमले तर विद्यापीठ निवडून रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल अशा विभागवार याद्या चाळाव्यात. अनुक्रमणिकेची फाइल आधी उघडावी. प्रास्ताविक खुशाल वगळावे. जिल्ह्याचे अक्षांश-रेखांश तेथे ठरलेलेच असतात. कामाचे असते ते पद्धतीचे प्रकरण आणि त्यापुढचे तक्ते. प्रबंधाचे वर्षही पाहावे, कारण लागवडीचे व भावाचे आकडे लवकर शिळे होतात.

असा एखादा तक्ता मिळाला, तर नववी-दहावीच्या मुलांना शेडमधले एक किलो मणी वेगळे ठेवून रोज तोलायला सांगता येते. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, तेव्हा काटा अडीचशे ग्रॅमच्या आसपास थांबावा. कितव्या दिवशी थांबतो, ते तक्त्याशी ताडून पाहता येईल.