शीळ कोणाची?

आमच्या घरातली पहिली परदेशी तबकडी मामाने आणली. तो व्यापारी जहाजावर नोकरीला होता आणि सुट्टीवर येताना कुठल्या ना कुठल्या बंदरातून काहीतरी घेऊन येई. त्या तबकडीवर ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची ती प्रसिद्ध धून होती. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ती इतक्यांदा वाजली, की शेजारची मुलं जिना चढताना तिचीच शीळ घालत. पुढे तीसेक वर्षं मी ते एन्निओ मोरिकोनेचं काम समजत होतो. मग मूळ चित्रसंगीताची नवी आवृत्ती हाती आली. ती ऐकल्यावर पहिल्यांदाच मामाच्या तबकडीचं वेष्टण नीट वाचलं. तिच्यावर नाव होतं ह्यूगो मॉन्टेनेग्रो. या अमेरिकी संगीतकाराने आपल्या वाद्यवृंदाकडून करवून घेतलेली ती नक्कल १९६८ साली इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली होती. म्हणजे मी ज्या शिळेवर जीव टाकला, ती चित्रपटातली नव्हतीच.

मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना कळलं, की सुरुवातीची ती कोल्ह्याच्या केकाटण्यासारखी हाक तीन पात्रांसाठी तीन रंगांत येते. एकासाठी बासरी, दुसऱ्यासाठी ओकारिना हे मातीचं फुंकवाद्य, तिसऱ्यासाठी माणसांचे घोगरे आवाज. मॉन्टेनेग्रोकडे मला हाक ऐकू येई. ती कोणाची आहे, हे मात्र कधी कळलं नव्हतं. तेव्हापासून जुन्या इटालियन वेस्टर्न आणि विनोदी चित्रपटांच्या संगीताच्या पुनरावृत्त्या मी जमवत आलो आहे. या जमवण्याला हौस म्हणा, पण गेल्या तीन दशकांत रोम आणि मिलानमधल्या छोट्या कंपन्यांनी फिती शोधून, साफ करून जे बाहेर आणलं, त्याने या संगीताबद्दलची माझी बरीच मतं बदलायला लावली.

एक उदाहरण देतो. सर्जिओ लिओनेच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’बद्दल (१९६४) नेहमी सांगितलं जातं, की पैसा नव्हता, मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून शीळ, चाबकाचा फटकारा, घंटा अशा गोष्टींवर भागवलं. पैसा नव्हता हे खरं. शिवाय अमेरिकी वाटावं म्हणून नामावलीत लिओने बॉब रॉबर्टसन झाला आणि मोरिकोने डॅन सॅव्हिओ. पण त्याच्या दोन वर्षं आधी मोरिकोनेने पीटर टेव्हिस या गायकासाठी वुडी गथ्रीच्या एका गाण्याचं संगीतसंयोजन केलं होतं. चाबूक आणि घंटा त्यात आधीच आहेत. लिओनेने ते ऐकलं आणि गायकाचा आवाज वगळून मागचं सगळं मागितलं. गायकाच्या जागी आली शीळ. टेव्हिसचं ते गाणं आणि चित्रपटाची शीर्षकधून लागोपाठ ऐकली, की गरिबीतून सुचलेल्या युक्तीची कथा टिकत नाही. गोफ्रेदो पेत्रास्सीकडे शिकलेल्या आणि पोटासाठी रेकॉर्ड कंपनीत गाणी सजवणाऱ्या माणसाने ते जाणीवपूर्वक केलं होतं. ध्वनी आणि सूर यांच्यातली भिंत त्याने एका साध्या गाण्यात पाडून पाहिली होती.

ती शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची. हाच माणूस गिटार वाजवी, आणि या चित्रपटांतून ऐकू येणारा ‘इ कान्तोरी मोदेर्नी’ हा गायकवृंदही त्याचाच. त्या वृंदातली एद्दा देल्लोर्सो पुढे शब्दांविना गायली. कब्रस्तानात थडगं शोधत धावणाऱ्या टूकोमागचा तो चढत जाणारा स्वर तिचा. पहिल्या चित्रपटातली ट्रम्पेट मिकेले लाचेरेन्साची. ही नावं मला चित्रपट पाहून कळली नाहीत. नव्या आवृत्त्यांसोबतच्या पुस्तिकांतून कळली. आणि ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधला (१९६८) काळीज कापणारा माउथ ऑर्गन वाजवणारा फ्रान्को दे जेमिनी तर स्वतःच ‘बीट रेकॉर्ड्स’ या कंपनीच्या संस्थापकांत होता. हीच कंपनी पुढे अशा संगीताच्या आवृत्त्या काढत राहिली. वादकच प्रकाशक झाल्यावर वादकाचं नाव राहील, यात नवल नाही.

आता तक्रार. ‘संपूर्ण’ या शब्दाचा या मंडळींना सोस आहे. एकच धून गिटारवर, मग बासरीवर, मग संथ, मग पुन्हा संथ पण चाळीस सेकंद कमी. मूळ तबकडी काढताना संगीतकाराने केलेली निवड हीसुद्धा एक रचना असते, आणि फितीवर सापडलेलं सगळं ओतल्याने ती बुडते. अशा कित्येक तबकड्या मी एकदाच ऐकल्या. पण एका ठिकाणी मला हार मानावी लागते. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या मूळ तबकडीवर शेवटच्या तिहेरी द्वंद्वाचं संगीत पाचेक मिनिटांचं होतं, वाढीव आवृत्तीत ते सात मिनिटांहून जास्त आहे. या संगीताचा विषयच मुळी ताटकळणं हा आहे. ती दोन मिनिटं कापली होती, तिथे नेमकं तेच कापलं गेलं होतं.

वेस्टर्नच्या या गाजावाजात विनोदी चित्रपटांचं संगीत मागे पडतं, आणि माझ्या मते खरा ठेवा तिथे आहे. मारिओ मोनिचेल्लीचा ‘इ सोलिती इन्योती’ (१९५८) घ्या. रोममधले काही भुरटे चोर शेजारच्या घराची भिंत फोडून गहाणपेढीत शिरण्याचा बेत आखतात. भिंत चुकीची फुटते, चोर स्वयंपाकघरात पोचतात आणि तिथे सापडलेला पास्ता आणि छोले खात बसतात. अशा गोष्टीला आपल्याकडे घसरणारी व्हायोलिनं आणि टॉक् टॉक् वाजणारी लाकडं जोडली असती. पिएरो उमिलियानीने जाझ दिला, आणि तोही अगदी गंभीरपणे, एखाद्या अमेरिकी दरोडापटाला शोभेल असा. (पुढच्याच वर्षीच्या उत्तरभागात तर चेट बेकरची ट्रम्पेट आहे.) चित्रपट पाहताना मला ते फक्त ‘झकास’ वाटलं होतं. चित्रं काढून नुसतं संगीत ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की ते एकदाही हसत नाही. हे चोर स्वतःला जे समजतात, ते संगीत त्यांना तसंच समजतं. हसतो तो कॅमेरा. फाटक्या कोटातल्या माणसाच्या डोक्यात हा असा रुबाबदार जाझ वाजतोय, हे कळल्यावर तो पास्ता खाण्याचा प्रसंग मला पूर्वीसारखा नुसता गमतीचा राहिला नाही.

मग १९७० साली दोन्ही प्रवाह एकत्र आले. ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ हा वेस्टर्नही आणि विनोदीही. घोड्यामागे बांधलेल्या बाजेवर पसरून नायक वाळवंटातून ओढला जातोय, आणि फ्रान्को मिकालिझीच्या धूनमध्ये पुन्हा आलेस्सांद्रोनीचीच शीळ. १९६४ मध्ये ती एकट्या माणसाची होती. इथे ती आळशी माणसाची आहे. तेच ओठ, तोच श्वास. फरक सगळा लयीत आणि मागच्या गिटारच्या सैलपणात आहे. टॅरंटिनोने ‘जँगो अनचेन्ड’च्या (२०१२) अखेरीस हीच धून वापरली आणि ती नव्या पिढीपर्यंत गेली.

हे सगळं ऐकताना ‘शोले’ आठवल्याशिवाय राहत नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या हत्याकांडाच्या वळणाचा आहे, हे अनेकदा लिहिलं गेलं आहे. दोन्हीकडे माउथ ऑर्गनही आहे. जयच्या हातातला तो बाजा प्रत्यक्षात भानू गुप्तांनी वाजवला, हे मला वादकांच्या आठवणींतून कळलं. आपल्याकडे तबकड्या गाण्यांसाठी निघत; ‘शोले’ने एक पाऊल पुढे जाऊन संवादांची तबकडी काढली आणि ती तुफान खपली. आमच्या चाळीतही ती होती. गब्बर बोलतोय आणि खाली राहुलदेव बर्मनचं काहीतरी विलक्षण चाललंय, ते ऐकायला मी कान लावून बसे. आजही त्यातला बराच भाग मी तसाच, संवादांच्या खालून ऐकतो.

मामा आता थकला आहे. गेल्या दिवाळीत त्याला दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकवली आणि त्याची तबकडी नकली होती हे सांगितलं. त्याने मूळ धून शेवटपर्यंत ऐकली, डोळे मिटून. मग म्हणाला, “ही चांगली आहे. पण ती लाव परत.”