चौकोन डगमगतो तेव्हा

अरविंद गुप्ता यांचे ‘मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्स्परिमेंट्स’ हे पुस्तक अनेक शिक्षकांच्या परिचयाचे असेल. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली सुरू झाला. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले गुप्ता १९७८ साली तिथे गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून सांगाडे करण्याची युक्ती त्यांना सापडली. ट्यूबचा तुकडा हा सांधा, काडी हा दांडा. (काडीचा गुल आधी खरवडून टाकावा.)

तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. पुस्तक हे दाखवते आणि लगेच त्रिकोण पक्का का मानायचा, पुलांत तो का दिसतो, याकडे वळते. माझी तक्रार इथे आहे. मुलाने चौकोन पुरेसा ढकलून पाहण्याआधीच उत्तर येते.

मिरजगावला सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मीही हीच घाई केली. सगळ्यांनी माना डोलावल्या, एका मुलीने नाही. ज्वारीच्या ताटातल्या भेंडाची बैलगाडी ती घरी करते. ती चौकोनी असूनही हलत नाही, असे ती म्हणाली.

तिचे म्हणणे बरोबर होते. भेंड काडीला घट्ट धरते, कोन बदलू देत नाही. रबराचा सांधा सैल असतो, म्हणून तिथे मजबुती आली तर ती आकारातूनच येते. ‘ट्यूब नसेल तर मिळेल ते वापरा’ असे आपण सहज सांगतो. पण सांधा बदलला की प्रयोगच बदलतो. सांध्याच्या या गुणाकडे पुस्तकाने ठळकपणे लक्ष वेधायला हवे होते.

पुढच्या तासाला मी गप्प राहिलो. बारा काड्या दिल्या आणि न डगमगणारी वस्तू करायला सांगितले. बहुतेकांनी घन केला, तो कोसळला. प्रत्येक बाजूला एक कर्ण, म्हणजे आणखी सहा काड्या घातल्यावर तो उभा राहिला. कर्णाला आगकाडी आखूड पडते, तेव्हा खराट्याच्या काड्या तोडून घेतल्या. एका गटाने मात्र त्याच बारा काड्या सहा सांध्यांत गुंफून आठ त्रिकोणांचा आकार केला. तो मुळीच हलला नाही. सांध्यांची तिप्पट करून सहा वजा केले की किमान काड्यांची संख्या मिळते: घनाला अठरा, याला बारा. हा हिशेब मुलांनी तीन-चार आकार करून स्वतः पडताळला.

मुलीच्या बैलगाडीला मात्र तो लागू पडत नाही. तिच्या किती काड्या काढल्या तरी ती उभी राहते, हे आता मोजायचे आहे.