शवाला हात कोणाचा?

देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांचे १९७७ चे ‘सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया’ हे पुस्तक आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलेच पाहिजे. वैद्याचे अन्न म्हणजे पू, त्याला श्राद्धाला बोलावू नये, असे मनुस्मृती का सांगते? रोगाची कारणे देहात आणि आहारविहारात शोधणारा, कोणाच्याही देहाला हात लावणारा वैद्य वर्णव्यवस्थेला परवडणारा नव्हता, हे त्यांचे उत्तर मला मान्य आहे.

पण अपमानित वैद्य म्हणजे बहिष्कृत माणूस नव्हे. शव पिंजऱ्यात घालून सात दिवस पाण्यात कुजवावे, मग कुंचीने हळूहळू घासून आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, असे सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान सांगते. ज्ञानाची ही वाट थोरच. मात्र त्याच संहितेच्या सूत्रस्थानाला शिष्य त्रैवर्णिक हवा. कुलवान शूद्राला मंत्र वगळून शिकवावे, हे केवळ काहींचे मत म्हणून येते. अतिशूद्राचा तर विचारच नाही.

माझा आजा मेलेली ढोरे सोलायचा. कोणता सांधा कुठे सुटतो, हे त्याच्या सुरीला ठाऊक होते. मांगवाड्यातली सुईण गावाच्या नाळा कापायची. (विटाळ मात्र तिचाच!) ग्रंथांच्या आधारावर उभे असलेले चट्टोपाध्यायांचे विवेचन या हातांची साक्ष काढीत नाही.

१८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, त्याची इतिहासाने नोंद घेतली. आजही अनेक सरकारी शवागारांत कवटी उघडतो तो सफाई कामगार, बहुधा आपल्यातलाच. अहवालावर सही डॉक्टरची असते.